हिशेब, रंग आणि रंधा

सरकारी भरडाईचा नियम थोडक्यात सांगता येतो. आधारभूत खरेदी केंद्रावर घेतलेले एक क्विंटल धान गिरणीत गेले की गिरणीमालकाने सरकारला ६७ किलो अरवा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ परत द्यायचा; उसना, म्हणजे उकडा, असेल तर ६८ किलो. बाकी उरते त्यात कनकी, कोंडा आणि तूस. २०२४-२५च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे किलोभर अरवा तांदळात नुसत्या धानाचेच ३४ रुपये ३३ पैसे झाले. बारदाना, हमाली, वाहतूक, भरडाई यांचे पैसे त्यात मिळवायचे, कनकी-कोंड्याचे वजा करायचे. गोंदिया जिल्ह्यात घरेच्या घरे या आकड्यांवर चालतात. कुणाचे धान केंद्रावर पडून असते, कुणाचे वडील गिरणीत हमाली करतात, कुणाची आई रोवणीला जाते. पण इथल्या एखाद्या खेड्यातल्या हायस्कुलात दहावीच्या मुलीला हा हिशेब मांडायला सांगून पाहा. तो तिला जमणार नाही असे नाही, पण तिला तो आजवर कुणी विचारलेलाच नसतो. दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर्स आहेत, दलाली आहे. ते असायलाच हवे. मात्र ते शिकवताना खिडकीबाहेरच्या धानाच्या पुंजण्यांकडे बोट दाखवायची सवय आपल्या शाळांना लागलेली नाही. याचा दोष शिक्षकांच्या माथी मारून मोकळे होता येते, पण खरे कारण शाळेच्या रचनेत आहे.

सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगलाच्या कडेची जी हायस्कुले आहेत, त्यांतल्या अनेक ठिकाणी एका इयत्तेची एकच तुकडी असते. गणिताचे सरच विज्ञान घेतात, मराठीच्या मॅडमकडे इतिहासही असतो, मुख्याध्यापक कार्यालय सांभाळून इंग्रजी शिकवतात. चित्रकलेचा तास ज्यांच्याकडे कमी तासिका असतील त्यांच्या वाट्याला जातो. वेळापत्रकात कार्यानुभव लिहिलेला असतो आणि त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा पुरा होतो. तपासणीच्या आधी मुले घरून एखादी वस्तू करून आणतात, बरीचशी बाजारातून विकत आणलेली, आणि श्रेणी भरली जाते. व्यापार-हिशेब हा विषय तर दहावीपर्यंत स्वतंत्रपणे येतच नाही. पुढे वाणिज्य शाखा हवी असेल तर बहुतेक वेळा तालुक्याचे गाव गाठावे लागते. गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखा असते, म्हणून मुले कलेला जातात. त्या शाखेत रंग किंवा सूर यांचा वारा क्वचितच लागतो.

या दुरवस्थेला कायद्याचे पाठबळ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कोणते शिक्षक असावेत ते दिले आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी निदान एक शिक्षक, शाळा कितीही लहान असली तरी. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी मात्र अंशकालीन निदेशक, तोही पट शंभराच्या वर असेल तर. म्हणजे शिक्षणाचा एक भाग प्रत्येक मुलाच्या हक्काचा, आणि दुसरा गर्दी जमली तरच मिळणारा. ज्या कायद्याच्या नावातच हक्क आहे, त्यात ही अट असावी हा मला फार मोठा अन्याय वाटतो. जंगलाच्या कडेच्या गावात जन्म घेतला, म्हणून तुझ्या शाळेत शंभर मुले नाहीत, म्हणून तुला रंग नाहीत आणि हत्यारे नाहीत, असे आपण एका मुलीला सांगतो आहोत.

चित्रकलेचे उदाहरण घेतले की हे अगदी उघडे पडते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी दिल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आता इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. कलेला गुण मिळाले याचा आनंदच आहे. पण जिथे चित्रकलेचे शिक्षक नाहीत तिथल्या मुलांनी हे सात गुण कुठून आणायचे? गुणपत्रिकेत ही कमतरता दिसत नाही. तिथे फक्त एक मूल दुसऱ्याच्या मागे पडलेले दिसते.

आता गावाकडे पाहू. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पाने गोळा करायचे केंद्र, लागते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक मानक गोणी. एका गोणीत ७०,००० पाने, आणि ती तोडायला, जुळवायला, बांधायला अख्खे घर लागते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या विदर्भातल्या अनेक ग्रामसभा, गोंदिया जिल्ह्यातल्याही, आता पानांचा लिलाव स्वतः करतात. लिलावाची नोटीस काढायची, अटी लिहायच्या, व्यापाऱ्याशी करार करायचा, बँकेत खाते चालवायचे, पॅन काढायचा, कुणाचे किती पुडे झाले त्याची नोंद ठेवून मजुरी वाटायची, उरलेल्या रकमेचा ठराव करायचा. ही सगळी वाणिज्य शाखेची कामे आहेत आणि ती एका खेड्यात, मोहाच्या झाडाखाली बसून करायची आहेत. गावात ती करणारे कुणी नसेल तर बाहेरचा माणूस वही लिहितो, आणि मग जंगल गावाचे असूनही व्यवहार त्याच्या हाती राहतो.

बारावीच्या वाणिज्य शाखेत ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ नावाचा विषय आहे. कंपनीच्या चिटणिसाने भागधारकांना आणि कर्जरोखेधारकांना पत्रे कशी लिहावीत हे त्यात तपशिलाने शिकवतात. ज्या विद्यार्थ्याच्या गावात ग्रामसभेचे इतिवृत्त लिहायला माणूस मिळत नाही, तो विद्यार्थी कर्जरोख्यांच्या व्याजाचे पत्र पाठ करतो. आणि त्याच वर्षीच्या पुस्तपालनात नफा न कमावणाऱ्या संस्थांच्या हिशेबाचे एक चांगले प्रकरण आहे. ग्रामसभा, बचत गट, नाटक मंडळ, सगळ्यांना ते जसेच्या तसे लागू पडते. ते आठवी-नववीच्या मुलाला समजणार नाही इतके कठीणही नाही. ते बारावीपर्यंत आणि एकाच शाखेच्या मुलांसाठी राखून ठेवायचे कारण मला दिसत नाही.

हातांच्या शिक्षणाचा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून सर्व शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. त्याच सुमारास मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावच्या शाळेला जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, अशी ती योजना. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा आणि म्हणून मध्य प्रांताचा भाग होता. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. वर्ध्याच्या योजनेत शाळेचा खर्च मुलांच्या श्रमातून काढण्याचे जे कलम होते, त्यावर अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी तेव्हाच हरकत घेतली होती, आणि ती रास्त होती. मुलांच्या कमाईवर शाळा उभी राहिली की शिकणे मागे पडते आणि माल पुढे येतो. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. महाराष्ट्रात द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आले, नंतर किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. १९८६च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिकची १० टक्के मुले १९९०पर्यंत आणि २५ टक्के १९९५पर्यंत व्यवसाय शिक्षणात आणायचे ठरवले. तसे झाले नाही. २०२०च्या धोरणाने उद्दिष्ट आणखी वर नेले: निदान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५पर्यंत व्यवसाय शिक्षणाचा अनुभव.

टक्केवारी बदलत गेली, मूळ अडचण तशीच राहिली. ही वाट नेहमी काही मुलांसाठी आखली गेली. आणि ती काही मुले कोण, हे गावात कुणाला सांगावे लागत नाही.

म्हणूनच ज्यांना या शिक्षणाची भीती वाटते त्यांची भीती मी गंभीरपणे घेतो. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. बापाची जात पोराच्या गळ्यात बांधणारी योजना म्हणून लोक तिच्याविरुद्ध उठले, आणि कामराज मुख्यमंत्री झाल्यावर १९५४मध्ये ती मागे घेतली गेली. इथल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्यातल्या, बुरडाच्या, सुताराच्या, धिवराच्या घरातला बाप आजही म्हणतो, माझ्या पोराच्या हातात पुन्हा वाकस नको, पुस्तक द्या. त्या बापाला पुस्तकी शिक्षणाचे तोटे ऐकवायचा अधिकार आपल्याला नाही. पुस्तकाने त्याच्या आप्तांतल्या कुणाला तरी नोकरीवर बसवले आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

पण याच प्रश्नावर महाराष्ट्राकडे एक जुने उत्तर आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले होते: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे काही धडे. शेती या यादीत आहे, पण ती हिशेबाशेजारी आहे. राबणाऱ्याला आपल्या कामाचे शास्त्र कळावे आणि त्या कामाची वही त्याने स्वतः लिहावी, असा मी त्याचा अर्थ लावतो. राजाजींच्या योजनेत पहिला अर्धा भाग होता, तोही शास्त्राशिवाय, दुसरा नव्हताच.

माझे म्हणणे इथे येऊन ठेपते. व्यापार-हिशेब, कला आणि हत्यारकाम हे तीन विषय सुटे सुटे शिकवले तर तिन्ही बिघडतात. नुसते हत्यारकाम जातीकडे परत नेते. सुताराच्या मुलाच्या हाती रंधा आधीच आहे, त्याच्या हाती नसते ती खातेवही. नुसता हिशेब मुलाला दुसऱ्याच्या दुकानातला कारकून करतो. नुसती कला ज्यांना परवडते त्यांच्या घराची शोभा होते. तिन्ही एकाच कामात, एकाच वर्गातल्या सगळ्या मुलांना, मुलामुलींना सारखे, ग्रामसेवकाच्या मुलीला आणि हमालाच्या मुलाला एकत्र शिकवले, तरच त्यातून समतेचे काही निघते. आणि असे एकत्र शिकवणे मोठ्या शाळेपेक्षा लहान शाळेत सोपे आहे. तिथे तीन विभाग नाहीत, तीन वेळापत्रके नाहीत, एकच तुकडी आहे आणि सगळे एकमेकांना नावाने ओळखतात.

असे काम कोणते, हे झाडीपट्टीला शिकवायची गरज नाही. धान घरात येते, भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात आणि गावोगाव नाटके लागतात. वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, गोंदियाहून बल्लारशाहला जाणाऱ्या रेल्वेवर अर्जुनीच्या पुढे आहे. नाट्य कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत. गावातले मंडळ तिथे जाऊन कंपनी ठरवते, बयाणा देते, तारीख घेते. तिकीट गाव लावते, मांडव गाव घालते, पाहुण्यांचा स्वयंपाक गाव करते. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. फायदा झाला तर गावाच्या कामी येतो, तोटा झाला तर मंडळातल्या पोरांच्या अंगावर पडतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. दंडार हे इथले लोकनाट्य आणि झाडीबोली ही इथली बोली यांचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जन्मभर केला. एवढा मोठा व्यवसाय, एवढी मोठी कला आणि एवढे कारागिरीचे काम दरवर्षी शाळेच्या कुंपणाबाहेर चालते, आणि शाळा दुसऱ्या दिवशी झोपाळलेल्या मुलांवर रागावते.

शाळेने वर्षाला स्वतःचे एक नाटक करावे. स्नेहसंमेलनातली दहा मिनिटांची नाटिका नव्हे, गावाने तिकीट काढून पाहावे असे नाटक किंवा खडीगंमतीसारखे लोकनाट्य. यात काय काय शिकवता येते ते जरा जवळून पाहू. मागचा पडदा हवा, म्हणून लाकडी चौकट हवी. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडलेली चौकट उभी केली की एका बाजूला कलते. कोपऱ्यात तिरकस पट्टी मारली की घट्ट राहते. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोन हलत नाहीत, हे भूमितीत लिहिलेले वाक्य मुलाच्या हाताला तिथे कळते. मग मांजरपाट ताणायचा, खळ आणि पांढरी माती लावून सुकवायचा. वहीच्या पानावरचे तळ्याकाठच्या गावाचे चित्र बारा फुटी कापडावर न्यायचे, तर चित्रावर चौकटी पाडायच्या, कापडावर त्याच प्रमाणात मोठ्या चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट उतरवायची. मग रात्री दिव्यात पाहायचे. दिवसा सुरेख दिसणारा निळा रंग पिवळ्या उजेडात मळकट होतो. तो का, याचे उत्तर विज्ञानाच्या सरांकडे आहे. ५०० वॉटचे पाच हॅलोजन लावायचे तर अडीच किलोवॉट झाले, २३० व्होल्टला जवळजवळ ११ अँपिअर. वायर कोणती घ्यायची, फ्यूज कोणता, ओल्या मैदानावर अर्थिंग कसे करायचे, हे ठरवल्याशिवाय पडदा उघडता येत नाही.

आणि वही. जुलैत अंदाजपत्रक, कोणत्या दुकानातून कापड घेतले त्याचे बिल, बांबूचे भाडे, उधारी. तिकीट किती ठेवायचे हा प्रश्न मुलांना पहिल्यांदा किंमत या गोष्टीचा विचार करायला लावतो. पन्नास ठेवले तर किती लोक येतील, तीस ठेवले तर खर्च निघेल का, बाया-पोरांना कमी घ्यायचे का. तिकिटांना अनुक्रमांक हवेत, स्थळप्रत हवी. रात्री दोनला गल्ला मोजताना स्थळप्रती आणि रोकड यांत तीनशे रुपयांचा फरक निघाला, तर तो कुठे गेला ते कुणावर संशय न घेता शोधायचे कसे? हा प्रश्न कुठल्याही पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा मोठा आहे. ज्या तालुक्यात पतसंस्था, सेवा सोसायटी, बचत गट आणि ग्रामसभा यांच्यावर माणसांचे आयुष्य अवलंबून आहे, तिथे हा प्रश्न चौदाव्या वर्षी पडलेला बरा.

खालच्या वर्गांसाठी तान्हा पोळा आहे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरे लाकडी नंदी सजवून मिरवतात. सहावीच्या मुलांनी पावसाळ्यात आपापला नंदी करावा. चाकांच्या आसाची भोके समोरासमोर सरळ पडली नाहीत तर बैल एका बाजूला ओढतो. पुन्हा भोक पाडावे लागते, आणि पहिले भोक बुजवावे लागते. त्या मुलाला बाजारातला नंदी इतका महाग का आणि तो करणाऱ्या सुताराला त्यातले किती मिळतात, हे दोन्ही प्रश्न विचारता येतात.

याने नोकरी मिळेल का, असे पालक विचारतील. शाळेने सुतार किंवा पडदे रंगवणारे तयार करावेत असे मी म्हणत नाही. त्यासाठी आयटीआय आहेत. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नाने १८६६ साली सार्वत्रिक शाळेत हस्तकौशल्य सक्तीचे झाले, तेही सर्व मुलांसाठी, आणि कारागीर तयार करणे हा त्याचा हेतू नव्हता. ज्या मुलीला ‘नीट’ परीक्षा देऊन डॉक्टर व्हायचे आहे तिलाही हे शिकू द्या. ती सुटली की बाकीच्यांसाठी हा विषय पुन्हा मागच्या बाकाचा होईल.

शिकवणार कोण, हा खरा अवघड प्रश्न. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून काही शाळांत नववीपासून व्यवसाय विषय आले आहेत, बहुतेक ठिकाणी दोन. प्रशिक्षक बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटावर असतात. पगार वेळेवर नाही, पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची खात्री नाही, आणि मशीन आली तरी तिच्या दुरुस्तीला किंवा लाकूड-पत्रा घ्यायला पैसे नाहीत. अशा माणसाकडून शाळेचे हृदय होण्याची अपेक्षा करणे क्रूर आहे. शिवाय ज्या लहान शाळेबद्दल मी लिहितो आहे, तिच्यापर्यंत हेही पोचणे कठीण आहे.

यावर महाराष्ट्रातच करून पाहिलेला मार्ग आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा अभ्यासक्रम ग्रामीण हायस्कुलांत गेला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग, आणि मुलांनी चारही करायचे. शिकवायला गावातलीच हुशार कारागीर माणसे, आणि प्रात्यक्षिक म्हणून गावातलीच खरी कामे. कलबागांनी पदवीची अट सैल केली आणि कामाची अट घट्ट केली. सालेकशातला वेल्डर, बुरड आळीतली टोपल्या विणणारी बाई, मंडळाचा जुना नेपथ्यकार आठवड्यातून एक दिवस शाळेत आले आणि त्यांना सन्मानाचे मानधन मिळाले, तर शाळेचे निम्मे काम होते. शाळेत येऊन ती माणसे पोरांकडून ‘सर’ आणि ‘मॅडम’ ऐकतील, आणि त्यांची स्वतःची पोरे ते ऐकतील. याला मी फार महत्त्व देतो.

उरलेल्या निम्म्या कामाला नियमित शिक्षक लागतोच. २०२०च्या धोरणात शाळा संकुलाची कल्पना आहे, कोठारी आयोगातही होती. पाच-दहा किलोमीटरच्या परिघातल्या शाळांनी शिक्षक आणि साधने वाटून घ्यायची. या कल्पनेचा उपयोग लहान शाळा बंद करायला होईल अशी धास्ती गावांना आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून अट स्पष्ट हवी: संकुलात फिरायचे शिक्षकाने, मुलांनी नाही. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने किंवा सायकलने शाळेत येणाऱ्या मुलीला संध्याकाळची गाडी चुकवून तालुक्याच्या कार्यशाळेत थांबता येत नाही. तिथे कार्यशाळा उभारली तर ती मुलग्यांची होईल. एक कलाशिक्षक, एक तंत्रशिक्षक आणि हिशेब शिकवणारे एक शिक्षक, मोटारसायकलच्या भत्त्यासह, पाच शाळांमागे मंजूर करा. पदे पटावर मोजू नका, शाळांवर मोजा. आणि अनुसूचीतली शंभराची अट काढा. संसदेला हे एका ओळीच्या दुरुस्तीने करता येते.

तोवर काही शाळा स्वतःहून सुरुवात करू शकतात. काम जून महिन्यातच ठरवावे लागते, कारण मंडईचा हंगाम शाळेच्या सोयीने पुढे सरकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत नाटकाचा ठराव घ्यावा. मुलांच्या कामातून आलेला पैसा शाळेच्या खर्चात मिसळू नये, त्याचे खाते वेगळे असावे आणि त्यातून पुढच्या वर्षीची हत्यारे, रंग आणि कापड घ्यावे, एवढा के. टी. शाहांच्या हरकतीचा मान आपण राखायलाच हवा. पौष लागेपर्यंत प्रयोग झालेला असेल. मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नववीच्या मुलीने जमाखर्च वाचून दाखवावा: तिकिटांचे किती आले, हॅलोजनच्या भाड्याला किती गेले, मांजरपाट गोंदियाहून का आणला, किती उधारी बाकी आहे आणि कुणाची. गावाने तिला प्रश्न विचारावेत. आणि तिचे वाचून झाले की त्याच सभेत ग्रामसभेच्या तेंदूच्या वहीचे वाचन ठेवावे.